पर्सनल ब्रँड: खरंही राहायचं आणि रोज एकसारखंही दिसायचं, कसं जमवता?

अंदाजे
नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी मागणीचे अंदाज बांधण्याचं काम करते. कुठल्या वस्तूचा किती साठा ठेवावा, कधी मागवावा, हे आकडेमोड करून सांगायचं. नोकरीत होते तोवर माझ्या नावावाचून कुणाचं काही अडत नव्हतं, कंपनीचं नाव पुरायचं. आता स्वतंत्रपणे काम सुरू केलंय आणि पहिल्या भेटीलाच समोरचा माणूस माझं नाव गुगल करून आलेला असतो. सापडतं काय? एक जुनं प्रोफाइल, त्यात जुनंच पद आणि त्याहून जुना फोटो.

म्हणून एका ब्रँडिंग सल्लागारांकडे गेले. त्यांनी तीन 'कंटेंट पिलर', म्हणजे लिहायचे ठरलेले विषय, ठरवून दिले, दोन रंग, एक फॉन्ट, रोज सकाळी एक पोस्ट. आणि निघताना बजावलं, "मुख्य म्हणजे ऑथेंटिक राहा." नमुन्यादाखल माझ्या नावाने काही पोस्टीही लिहून दिल्या. पहिली अशी सुरू होते: "काल एका अपयशाने मला नेतृत्व शिकवलं." काल मी दिवसभर क्लायंटच्या फायलीतल्या तारखा दुरुस्त करत होते. नेतृत्वाचा कुठे संबंध आला नाही.

माझा प्रश्न असा की हे दोन सल्ले एकमेकांच्या मुळावर येत नाहीत का? माणूस रोज एकसारखा असतो कुठे? मी कामात काटेकोर, मैत्रिणींत वात्रट, आणि इथे तर भलत्याच नावाने बसलेय. यातली 'ब्रँड' कोण? ज्यांनी स्वतःच्या नावावर काम उभं केलंय त्यांचे अनुभव हवे आहेत. हे सगळं थोतांड आहे असं ज्यांना वाटतं त्यांचेही.

टवाळक्या
"काल एका अपयशाने मला नेतृत्व शिकवलं. आज ते अपयश माझ्या हाताखाली काम करतं."
घ्या, दुसरी ओळ फुकट. फॉन्ट तुमचा.

निमूट
काम बोलतं.

मधली_सुट्टी
@निमूट, बोलतं हो, पण जो आधीच समोर येऊन बसलाय त्याच्याशी. ज्याला तुमचा पत्ताच नाही त्याला ते ऐकू कसं जाणार?

अंदाजे, माझा अनुभव दुसऱ्या टोकाचा आहे. मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. सुरुवातीला मलाही हाच सल्ला मिळाला, की एक शैली धर आणि सोडू नकोस. धरली. फिकट जलरंग, गोलमटोल प्राणी. लोक ओळखायला लागले, कामं आली, ते नाकारत नाही. पण आता शाईतलं काळंपांढरं काही दाखवलं की संपादक म्हणतात, "छान आहे, पण तुझं वाटत नाही." माझ्याच हातचं चित्र, आणि माझं वाटत नाही!

माझ्या ओळखीतले एक चित्रकार आहेत, ते दर पुस्तकाला माध्यम बदलतात. पण त्यांच्या चित्रातलं मूल कधीही वाचणाऱ्याकडे बघत नाही, आपल्याच उद्योगात गर्क असतं. कुठल्याही रंगात काढलं तरी चित्र कुणाचं ते कळतं. तेव्हा सातत्य हवं की नको यापेक्षा ते कशात ठेवायचं हे आधी ठरव. रंगात ठेवलंस तर रंगातच अडकशील.

रिकामटेकडी
मधली_सुट्टी, शेवटचा परिच्छेद फार आवडला. वाचनखूण साठवतेय.

वाकडी_वाट
सातत्य म्हणजे खरेपणा नव्हे, याचा नमुना हवा असेल तर एलिझाबेथ होम्स. थेरानॉस कंपनीची संस्थापक. वर्षानुवर्षं तोच उंच गळ्याचा काळा टर्टलनेक, तोच खर्जातला आवाज आणि तेच पालुपद, की रक्ताच्या थेंबभर नमुन्यात ढीगभर चाचण्या होतात. मुलाखत कुठलीही काढा, तसूभर फरक नाही. ब्रँडिंगच्या परीक्षेत शंभरपैकी शंभर. यंत्र सांगितल्याप्रमाणे चालत नव्हतं, एवढंच. २०२२ मध्ये गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल ती दोषी ठरली.

आता गंमत बघा. टर्टलनेक जिथून उचलला त्या ॲपलच्या स्टीव्ह जॉब्सनेही तो ठरवूनच घातला होता. इस्से मियाके या डिझायनरकडून ढिगाने करवून घेतला होता. म्हणजे ठरवून एकसारखं दिसण्यात खोटेपणा नाही. तिकडे फोन चालत होता, इकडे यंत्र चालत नव्हतं.

आणि दुसरं टोक गायक डेव्हिड बोवी. १९७२ मध्ये झिगी स्टारडस्ट हे पात्र घेऊन आला, त्याच पात्राने त्याला जगभर पोचवलं, आणि ३ जुलै १९७३ ला लंडनच्या कार्यक्रमात मंचावरूनच त्या पात्राला निरोप देऊन मोकळा झाला. पुढे केस बदलले, कपडे बदलले, संगीत बदललं. तरी त्याला कुणी ढोंगी म्हटलं नाही. बदलत राहणं हेच त्याचं ठरलेलं होतं.

टवाळक्या
मीसुद्धा ऑफिसला रोज वेगळ्या वेळी पोचतो. बदलत राहणं हेच माझं ठरलेलं आहे. साहेबांना बोवीचा दाखला देऊ का?

ठसठशीत
मी याच धंद्यात आहे. तेव्हा दगड गोळा करून ठेवा, मी बोलून घेतो.

"नेतृत्व शिकवलं" ही पोस्ट भिकार आहे, वादच नाही. ज्याने लिहिली त्याने तुम्हाला प्रश्नच विचारले नसणार. पण रंग, फॉन्ट, तीन विषय यांना हसण्याआधी ते कशासाठी असतात ते बघा. थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचा २००० सालचा एक प्रयोग आहे. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टीशर्ट घालायला लावून भरल्या खोलीत पाठवलं. त्याचा अंदाज होता की जवळपास निम्म्या लोकांच्या लक्षात येईल. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही आलं नाही. आपण समजतो त्यापेक्षा लोकांचं आपल्याकडे फार कमी लक्ष असतं. तुम्हाला स्वतःचाच कंटाळा येऊ लागतो तेव्हा वाचणाऱ्याने तुमचं नाव पहिल्यांदा नीट वाचलेलं असतं. म्हणून पुनरावृत्ती. त्यात भोंदूपणा काही नाही.

आणि सगळीकडे तोच फोटो, नावाचं तेच स्पेलिंग, कामाचं तेच वर्णन ठेवा. कारण साधं आहे. एका ठिकाणी वाचून दुसऱ्या ठिकाणी शोधणाऱ्याला ही तीच बाई हे कळायला हवं. एका ठिकाणी 'ॲनालिस्ट', दुसरीकडे 'कन्सल्टंट', तिसरीकडे 'स्वप्नं विणणारी' असं असलं की माणूस निघून जातो.

रोज एक पोस्ट हा सल्ला मात्र मी कुणाला देत नाही. तुमच्या सगळ्यात वाईट आठवड्यात, घरी आजारपण आणि क्लायंटचा तगादा असताना, जेवढं लिहून होईल तेवढंच ठरवा. महिन्यातून दोनदा का असेना.

निमूट
हे पटलं.

मधली_सुट्टी
निमूट यांना काहीतरी पटलं! धागा सार्थकी लागला.

गोफण
या संज्ञेचं वय कमी आहे, म्हणून थोडं मागे जाते. 'तुम्हीच एक ब्रँड' ही कल्पना घरोघरी पोचवली ती टॉम पीटर्स यांच्या १९९७ च्या लेखाने, 'फास्ट कंपनी' मासिकात आलेल्या. पण अंदाजेंचा प्रश्न त्याहून जुना आहे. १९५० च्या दशकात अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने मांडलं होतं की माणूस चारचौघांत वावरतो तेव्हा त्याची रंगमंचावरची बाजू आणि विंगेतली बाजू वेगळी असते, आणि हे ढोंग नव्हे, वावरण्याची रीतच आहे. तुम्ही कामात काटेकोर आणि मैत्रिणींत वात्रट असाल तर तुम्ही दोन नाही, प्रेक्षक दोन आहेत.

घोळ झाला तो हे सगळे प्रेक्षक एकाच दालनात आल्यावर. जुने साहेब, मावशी, क्लायंट, शाळेतला मित्र, सगळे एकच पोस्ट वाचणार. ॲलिस मार्विक आणि डॅना बॉइड यांनी २०११ मध्ये ट्विटर वापरणाऱ्यांवर लिहिताना याचीच चर्चा केली, अभ्यासक याला 'कॉन्टेक्स्ट कोलॅप्स' म्हणतात. सगळ्यांना चालेल असं लिहायला गेलं की ते "अपयशाने नेतृत्व शिकवलं" होतं. त्यात कुणालाच खटकण्यासारखं काही नसतं आणि कुणाच्या उपयोगाचंही काही नसतं.

दुसरी गोष्ट थोडी विरोधी आहे. "मला हे खोटं वाटतंय" यावर फार विसंबू नका. हर्मिनिया इबारा यांनी १९९९ मध्ये बँकिंग आणि सल्लागार क्षेत्रात वरच्या जबाबदारीवर जाणाऱ्या लोकांचा अभ्यास केला. नव्या भूमिकेत माणसं आधी नक्कल करतात, थोडं याचं घेतात, थोडं त्याचं, तात्पुरता 'मी' घालून बघतात, आणि त्यातून हळूहळू आपला सूर सापडतो. म्हणजे नोकरीतून स्वतंत्र व्यवसायात आलेल्या माणसाला पहिले काही महिने अवघडल्यासारखं होणारच. अवघडलेपण नवखेपणाचंही असू शकतं, खोटेपणाचंच असेल असं नाही.

अंदाजे
@गोफण, हे लक्षात आलं नव्हतं. मग फरक कसा ओळखायचा? "मी लघुउद्योगांना मदत करते" हे लिहितानाही मला अवघडतं, आणि "नेतृत्व शिकवलं" वाचतानाही.

गोफण
कुणी पुढचा प्रश्न विचारला तर उत्तर देता येईल का, एवढं बघा. "कशी मदत करता?" याला तुमच्याकडे उत्तर आहे. "नेतृत्व म्हणजे नक्की काय शिकलात?" याला आहे का?

अंदाजे
नाही. तारखांबद्दल विचारलं तर रात्रभर बोलेन.

काडीपेटी
सगळे इतके समंजस बोलताहेत की मला राहवत नाही. ब्रँड एकच हवा हे ठरवलं कुणी? राम गणेश गडकरी कविता लिहायचे गोविंदाग्रज म्हणून, विनोदी लेख बाळकराम म्हणून आणि नाटकं स्वतःच्या नावाने. शिरवाडकरांच्या कविता कुसुमाग्रजांच्या. खानोलकरांच्या आरती प्रभूंच्या. वाचकाला नाव बघूनच कळायचं आत काय मिळणार ते. सगळं एका नावाखाली कोंबून वर "मी अस्सल आहे" म्हणण्यापेक्षा हे जास्त प्रामाणिक नाही का? कॉन्टेक्स्ट कोलॅप्सवर आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच तोडगा निघाला होता.

टवाळक्या
आणि बिल कुठल्या नावाने फाडायचं?

काडीपेटी
बाळकरामच्या. वसूल झालं नाही तर विनोद म्हणून सोडून देता येतं.

गोफण
काडीपेटी, मुद्दा चांगला आहे, फक्त संशोधकांना तो परवडत नाही. नाव बदललं की जुने शोधनिबंध पोरके होतात, आणि लग्नानंतर नाव बदलणाऱ्यांना हे नेमकं ठाऊक आहे. म्हणूनच २०१२ मध्ये 'ऑर्किड' ही सोय आली. संशोधकाला सोळा अंकी ओळख मिळते, नाव कितीही बदललं तरी काम त्या अंकाला चिकटून राहतं. अंकाला व्यक्तिमत्त्व नसतं, पण सातत्य उत्तम असतं.

उगाचच
माझा एक प्रश्न. खरं राहायचं म्हणजे घरातलं किती सांगायचं? आजकाल पाहावं तिकडे आजारपण, घटस्फोट, रडवेले सेल्फी आणि खाली "यातून मी विक्री कशी शिकलो". मला वाचूनच कानकोंडं होतं. पण त्यांना लाइक तुफान पडतात.

ठसठशीत
लाइक पडतात, कामं येतात का ते त्यांना विचारा. माझ्या बघण्यातलं सांगतो: अशा पोस्टीनंतर निरोप भरपूर येतात, चौकशी येत नाही.

वाकडी_वाट
उगाचच, यावर एक जुना प्रयोग आहे. इलियट ॲरन्सन, १९६६. प्रश्नमंजुषेतल्या उमेदवाराचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. एक उमेदवार हुशार, जवळपास सगळी उत्तरं बरोबर. दुसरा बेताचा. दोघांच्याही ध्वनिफितीच्या एका प्रतीत शेवटी तो स्वतःच्या कपड्यांवर कॉफी सांडतो. हुशार माणूस सांडल्यावर लोकांना जास्त आवडला, बेताचा सांडल्यावर आणखीच नावडता झाला. त्यामुळे "दुबळेपणा दाखवा, लोक जोडले जातील" हा सल्ला अर्धा आहे. आधी उत्तरं बरोबर यावी लागतात.

उगाचच
म्हणजे मी सध्या कॉफी जपूनच धरलेली बरी.

मधली_सुट्टी
माझा साधा नियम आहे. जी गोष्ट माझ्या एकटीची नाही ती मी लिहीत नाही. मुलांचे फोटो नाहीत, नवऱ्याची नोकरी नाही, एखाद्या प्रकाशकाशी बिनसलं असेल तर तेही नाही. यामुळे मी कमी खरी होते असं मला वाटत नाही. न सांगणं आणि खोटं सांगणं यात अंतर आहे.

काडीपेटी
हल्ली लिहायची तरी काय गरज? एआयला सांगा, तो तुमच्या सुरात रोज लिहील. न थकता, न चुकता. सातत्य विकत मिळतं आता.

ठसठशीत
मिळतं, म्हणूनच त्याची किंमत पडली. माझ्याकडे येणाऱ्या दहा मसुद्यांत आठांची सुरुवात सारखी असते, सहा जणांना तर तोच धडा मिळालेला असतो. व्याकरणासाठी, कापाकापीसाठी खुशाल वापरा. पण काल काय घडलं ते त्याला माहीत नसतं. तो मग घडवतो. नेतृत्व वगैरे.

गणिती_गोगलगाय
उशिरा येतोय, पण अंदाजेंच्या क्षेत्राला जवळचा असल्यामुळे बोलतोच.

अर्थशास्त्रात मायकल स्पेन्स यांची १९७३ ची मांडणी आहे. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराचे गुण दिसत नाहीत, म्हणून तो खुणा बघतो. पण खूण कामाची तेव्हाच, जेव्हा ती मिळवणं अपात्र माणसाला पात्र माणसापेक्षा महाग पडतं. या कसाला रंग, फॉन्ट, "मला डेटाची पॅशन आहे" हे लावून बघा. कुणालाही फुकट करता येतं, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. खोटं करायला महाग पडेल असं तुमच्याकडे काय आहे?

अंदाज बांधणाऱ्या माणसाकडे तर फार मोठी गोष्ट असते: नोंद. आधी आकडा जाहीर करायचा, शक्यता टक्क्यांत सांगायची, आणि नंतर काय झालं ते त्याच जागी लिहायचं. ग्लेन ब्रायर या हवामानतज्ज्ञाने १९५० मध्येच असे अंदाज तपासायची गुणपद्धत दिली, ब्रायर स्कोअर. २०१६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत नेट सिल्व्हरच्या 'फाइव्हथर्टीएट' या अंदाज देणाऱ्या संकेतस्थळाने ट्रम्प यांना साधारण २९ टक्के शक्यता दिली होती. लोकांनी "अंदाज चुकला" म्हणून झोडपलं. पण २९ टक्क्यांची गोष्ट दहातून जवळपास तीनदा घडायलाच हवी, आणि इतर बरेच जण तर ट्रम्पना त्याहून कितीतरी कमी देत होते. पुढे २०१९ मध्ये त्यांनी आपल्या जुन्या अंदाजांचा हिशोबच मांडला, ७० टक्के म्हटलेल्या गोष्टी खरंच ७० टक्के वेळा घडल्या का वगैरे. ढोंगी माणूस हे करू धजणार नाही.

अंदाजे
गोगलगाय, कल्पना झकास आहे, पण माझ्या क्लायंटचे आकडे मी जगाला कसे दाखवू? करारातच गोपनीयतेचं कलम असतं. शिवाय @निमूट यांचं "काम बोलतं" इथेच अडतं. माझं काम बंद फायलीत असतं, त्याला बोलायची परवानगीच नाही.

गणिती_गोगलगाय
क्लायंटचे नकोतच. स्पायरॉस माक्रिडाकिस यांच्या अंदाज-स्पर्धा १९८२ पासून चालू आहेत. २०२० च्या पाचव्या स्पर्धेत, एम-५ मध्ये, वॉलमार्टच्या विक्रीच्या आकड्यांच्या ४२,८४० मालिका होत्या आणि तो डेटा कॅगल या डेटा-स्पर्धांच्या संकेतस्थळावर आहे. तो घ्या, तुमची पद्धत लावा, कुठे फसते ते दाखवा. गोपनीयतेचा प्रश्नच नाही.

निमूट
मला उद्देशून बरंच झालं, म्हणून एकदाच लांब लिहितो.

मी इमारतींच्या रचना तपासतो. भेगा, गळती, गंजलेल्या सळया. माझं कुठे प्रोफाइल नाही. तरी नवीन माणसं येतात, आणि त्यातले बहुतेक एकच वाक्य बोलतात: "तुम्ही गरज नसेल तर नाही म्हणता असं ऐकलंय." भेगा वरवरच्या प्लास्टरच्या असतील तर मी दुरुस्तीची शिफारस करत नाही. तिथे माझी फी बुडते, पुढचं मोठं कामही बुडतं. पण तो माणूस पुढे चार ठिकाणी सांगतो. मी स्वतः कधी सांगितलेलं नाही की मी प्रामाणिक आहे. स्वतः सांगितलं असतं तर कुणी विश्वासही ठेवला नसता.

मधली_सुट्टी यांचं म्हणणं मान्य आहे, नव्या माणसाला हे पुरत नाही. मला जुने लोक होते. अंदाजेताई, तुमच्याकडे अजून ते नाहीत. पण तुम्ही कशाला नाही म्हणता, ते आधी लिहून ठेवा. मला विचाराल तर सातत्य तिथे लागतं. पोस्ट चुकली तर कुणाला कळत नाही, एकदा पैशासाठी हो म्हटलं तर सगळ्यांना कळतं.

रिकामटेकडी
निमूटकाका, तुम्ही वर्षातून एकदाच लिहा पण असंच लिहा.

टवाळक्या
प्रोफाइल नसलेल्या माणसाचा ब्रँड धाग्यात सगळ्यात दणकट निघाला. ठसठशीत साहेब, धंदा बदलता का?

ठसठशीत
काकांचा फोन नंबर मिळाला तर मीच त्यांचा सहायक होईन. पण गंभीरपणे: अंदाजे, कशाला नाही म्हणता तुम्ही?

अंदाजे
विचार करत होते. एक नक्की आहे. "पुढच्या वर्षी नेमकी किती विक्री होईल, एकच आकडा द्या" असं म्हणणाऱ्याला मी नाही म्हणते. मी पल्ला देते. इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि त्यात पडण्याची शक्यता किती. काही लोक यावरूनच उठून जातात.

दुसरं म्हणजे, फाईल तपासल्याशिवाय मी मॉडेलला, म्हणजे अंदाज काढणाऱ्या गणिताला, हात लावत नाही. त्या तारखांचं सांगते. महिना आधी की दिवस आधी याचा गोंधळ तर असतोच, पण खरी मेख शून्यांत असते. विक्रीच्या फायलीत एखाद्या आठवड्यापुढे शून्य दिसलं की लोक समजतात मागणी नव्हती. पुष्कळदा मागणी होती, मालच संपला होता! गिऱ्हाईक येऊन परत गेलं, त्याची नोंद कुठेच नाही. आता मॉडेल ते शून्य खरं मानतं, पुढचा अंदाज खाली आणतं, तुम्ही कमी माल मागवता, तो आणखी लवकर संपतो, आणखी शून्यं पडतात. वर्षभरात एखादी चांगली चालणारी वस्तू "कुणी घेत नाही" म्हणून बंद होते. म्हणून मी आधी साठ्याची फाईल मागते, ज्या दिवशी साठा शून्य आणि विक्रीही शून्य ते दिवस वेगळे काढते, आणि मगच पुढे जाते. क्लायंटला वाटतं ही बाई नुसता वेळ काढतेय.

सॉरी, फार वाहवत गेले.

मधली_सुट्टी
वाहवत? अगं ही पोस्ट आहे! हीच टाक. जशी आहे तशी.

गणिती_गोगलगाय
+१. विकली गेली नाही म्हणजे मागणी नव्हती असं मानणारे मी मोठमोठ्या हुद्द्यांवर पाहिलेत.

उगाचच
मला यातलं ओ की ठो कळत नाही, तरी हे शेवटपर्यंत वाचलं. "नेतृत्व" पहिल्या ओळीतच सोडलं असतं.

गोफण
आणि सूर बघा, कामातली काटेकोर आणि मैत्रिणींतली वात्रट दोघी एकाच परिच्छेदात आल्यात. इथे ते जमलं कारण समोर कोण आहे हे माहीत होतं. गुंतवणूकदार वॉरन बफे यांनी सांगून ठेवलंय की आपल्या बर्कशायर कंपनीचं भागधारकांसाठीचं वार्षिक पत्र लिहिताना ते आपल्या बहिणींशी, डॉरिस आणि बर्टीशी, बोलतोय अशी कल्पना करायचे. हुशार बायका, पण हिशेबतज्ज्ञ नव्हेत. वाचक पक्का ठरला की सुराची वेगळी काळजी करावी लागत नाही. तुम्ही उगाचचना समोर ठेवा.

उगाचच
मी कुणाची तरी डॉरिस! आईला सांगते.

काडीपेटी
हे सगळं गोड आहे, पण शंका शिल्लक आहे. महिन्यातून दोनदा शून्यांवर लिहून दोन वर्षांनी अंदाजे "शून्यवाली बाई" होणार. मधली_सुट्टींच्या गोलमटोल प्राण्यांसारखीच अडकणार. तेव्हा?

मधली_सुट्टी
होईल तसं, हे खरं आहे. माझ्याकडे त्यावर पूर्ण उत्तर नाही. पण "शून्यांबद्दल बोलते" म्हणून ओळख झाली तर अडकेल. "फाईल तपासल्याशिवाय आकडा देत नाही" म्हणून झाली तर उद्या साठ्याऐवजी मनुष्यबळाचे अंदाज केले तरी ती ओळख चालेल.

काडीपेटी
हं. तूर्तास काडी विझवतो.

अंदाजे
सगळ्यांचे आभार. सल्लागारांना त्यांच्या पोस्टी परत केल्या. फोटो आणि नावाचं स्पेलिंग मात्र सगळीकडे एक करून घेतलं, ठसठशीत यांचं ऐकून. आता प्रोफाइलच्या वरच्या ओळीवर अडलेय. त्यांनी दिलेली: "डेटाच्या सामर्थ्याने व्यवसायांना सक्षम करणारी स्टोरीटेलर." मी केलेली: "मागणीचा अंदाज व साठा नियोजन क्षेत्रातील स्वतंत्र सल्लागार." पहिली वाचून मला हसू येतं, दुसरी वाचून झोप.

टवाळक्या
"तुमची शून्यं खोटी आहेत."

ठसठशीत
टवाळक्या, चेष्टेत बोललात पण वाईट नाही. अंदाजे, लिंक्डइनवर त्या ओळीला २२० अक्षरं मिळतात, पण शोधयादीत सुरुवातीचीच दिसतात. तेव्हा काम पहिल्या चार शब्दांत यायला हवं. 'सल्लागार' शेवटी गेला तरी चालेल, नाही आला तरी चालेल.

निमूट
किती माल ठेवावा ते सांगते. आकडा नव्हे, पल्ला.

अंदाजे
निमूटकाका, हीच घेते! "किती माल ठेवावा ते सांगते. एक आकडा नव्हे, पल्ला." टवाळक्यांची ओळ पहिल्या लेखाला मथळा म्हणून.

टवाळक्या
रॉयल्टी? पल्ला सांगितला तरी चालेल.

सुटे_भाग
नवीन सदस्य आहे, धागा शोधातून सापडला. विषय थोडा सोडून विचारतो, राग नसावा. आमच्याकडे यंत्रांचे सुटे भाग असतात. काही भागांना महिनोन्महिने मागणी नसते आणि मग एकदम चार लागतात. ही शून्यं खरी की खोटी?

अंदाजे
खरी असण्याची शक्यता जास्त, आणि त्यांची पद्धत वेगळी आहे. सरळ सरासरी काढलीत तर महिन्याला अर्धा भाग असं काहीतरी येतं, त्याचा कुणाला उपयोग नाही. क्रॉस्टन यांनी १९७२ मध्ये सुचवलं की दोन गोष्टी सुट्या मोजा: दोन मागण्यांमध्ये किती काळ जातो, आणि मागणी येते तेव्हा किती येते. त्या पद्धतीचा आकडा थोडा वर झुकतो असं नंतर दिसलं आणि त्यावर दुरुस्तीही निघाली, पण सुरुवात तिथूनच करा. आधी सांगा, भाग मागवल्यापासून हातात यायला किती दिवस लागतात, आणि तो नसला तर यंत्र बंद पडतं की नुसतं कुरकुरतं? साठा शून्य असलेल्या दिवसांची नोंद ठेवता का?

सुटे_भाग
नाही ठेवत. ठेवायची असते?